दवाखान्याच्या अपॉइंटमेंटसाठी सॉफ्टवेअर: मोफत कुठवर पुरते आणि पैसे कधी मोजावेत

एक-दोन खुर्च्यांच्या दंतचिकित्सालयात अपॉइंटमेंटची नोंद अजूनही बहुधा डायरीतच होते. अर्ध्या तासाला एक ओळ, ओळीत रुग्णाचे नाव व मोबाइल नंबर, रूट कॅनाल असेल तर खालच्या ओळीपर्यंत ओढलेला बाण आणि फोन करून खात्री केली असेल तर कडेला बरोबरची खूण. या पद्धतीत वाईट काही नाही आणि केवळ आधुनिक दिसावे म्हणून ती मोडू नये. सॉफ्टवेअर घ्यायचे ते डायरीला जे जमत नाही तेवढ्यासाठी: दवाखाना बंद असतानाही रुग्णाला वेळ घेता यावी, आदल्या दिवशी प्रत्येकाला न चुकता आठवण जावी आणि एकाच खुर्चीवर एकाच वेळी दोघांची नावे पडू नयेत. या तीन गोष्टींपैकी आपल्याकडे नेमकी कोणती अडते आहे, हे ठरल्याशिवाय मोफत आणि सशुल्क यांची तुलना करत बसणे व्यर्थ आहे. पुढील विवेचन दंतचिकित्सकाला समोर ठेवून केले असले, तरी फिजिओथेरपिस्ट, त्वचारोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

ज्या दवाखान्यात रुग्ण ‘नंबर लावून’ बसतात, तिथे मात्र वेळ देणारे सॉफ्टवेअर घेऊच नये. जनरल प्रॅक्टिसमध्ये एका रुग्णाला तीन मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला पंधरा. तापाने फणफणलेले मूल मध्येच आत घ्यावे लागते. तिथे ६.१० आणि ६.२० अशा वेळा वाटून दिल्या, तर पहिल्या आठवड्यातच रुग्ण मोबाइल पुढे धरून भांडू लागतात. अशा ठिकाणी टोकन देणारी आणि ‘सध्या कितवा नंबर चालू आहे’ हे दाखवणारी साधी व्यवस्था योग्य ठरते. ती वेगळ्या प्रकारची वस्तू आहे आणि तिची निवड वेगळ्या निकषांवर करावी लागते.

आधी महिनाभराचा हिशेब

कोणत्याही कंपनीच्या संकेतस्थळावर जाण्यापूर्वी आपल्या डायरीवरून एका महिन्याच्या चार नोंदी काढाव्यात: एकूण किती अपॉइंटमेंट दिल्या, त्यांपैकी किती रुग्ण न कळवता आले नाहीत, त्या रिकाम्या वेळांपैकी किती वेळा आयत्या वेळी आलेल्या रुग्णांनी भरून निघाल्या आणि केवळ वेळ देण्याघेण्यासाठी रिसेप्शनवर दिवसाला साधारण किती फोन घ्यावे लागले. यांतली तिसरी नोंद बहुतेक जण करत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा हिशेब फुगतो. गैरहजर राहिलेला प्रत्येक रुग्ण म्हणजे बुडालेले उत्पन्न नव्हे. दात दुखतो म्हणून अचानक आलेला रुग्ण त्या जागी बसला असेल, तर नुकसान झालेलेच नाही.

गृहीत आकडे घेऊन पाहू. महिन्याला ३०० अपॉइंटमेंट, ३० गैरहजर, त्यांपैकी १० जागा इतर रुग्णांनी भरल्या, म्हणजे खऱ्या रिकाम्या वेळा २०. एका वेळेचे सरासरी उत्पन्न ५०० रुपये धरले, तर महिन्याला १०,००० रुपयांची वेळ वाया जाते. आठवण पाठवल्याने यांतल्या पाचच जागा वाचल्या असे सावधपणे धरले, तरी २,५०० रुपये पदरात पडतात. आता दुसरा दवाखाना घ्या: महिन्याला १०० अपॉइंटमेंट आणि चार गैरहजर. तिथे हजार रुपयांची वर्गणी भरून वाचणार काय? रिसेप्शनवरच्या ताईंनी संध्याकाळी चार-पाच फोन केले की काम भागते, आणि आवाज ओळखीचा असल्याने रुग्णालाही ते बरे वाटते. असा हिशेब कागदावर मांडला की सशुल्क योजनेची गरज आहे की नाही, हे विक्रेत्याच्या बोलण्याआधीच आपल्याला कळलेले असते.

मोफत योजनेत काय मिळते

मोफत म्हणून जे मिळते ते एका डॉक्टरच्या दृष्टीने कमी नाही. साध्या जीमेल खात्यावर गूगल कॅलेंडरमध्ये अपॉइंटमेंट घेण्याचे एक पान तयार करता येते. आपल्या कॅलेंडरमध्ये आधीच नोंद असलेली वेळ त्या पानावर रुग्णाला दिसत नाही. कॅलेंडली या ऑनलाइन वेळ देणाऱ्या सेवेच्या मोफत योजनेत एकाच प्रकारची भेट ठरवता येते. कॅल डॉट कॉम हे सॉफ्टवेअर एकट्या व्यक्तीला मोफत वापरता येते आणि त्यात भेटींच्या प्रकारांवर तशी मर्यादा नाही. चेन्नईच्या झोहो कंपनीच्या बुकिंग्जमध्येही एका व्यक्तीसाठी मोफत योजना आहे. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची व्यावसायिक वर्गणी आधीपासून आहे, त्यांनी त्यात मायक्रोसॉफ्टचे याच नावाचे बुकिंग्ज समाविष्ट आहे का हे आधी पाहावे. अनेकदा आपण ज्यासाठी नव्याने पैसे मोजायला निघालेलो असतो ते आपल्याकडे असतेच. या योजनांच्या अटी कंपन्या वरचेवर बदलतात, तेव्हा नोंदणी करण्याच्या दिवशी किमतीचे पान स्वतः वाचावे.

‘एकाच प्रकारची भेट’ ही मर्यादा वाचताना किरकोळ वाटते, पण दंतचिकित्सेत ती लगेच टोचते. नुसत्या तपासणीला १५ मिनिटे पुरतात, दात साफ करायला अर्धा तास, रूट कॅनालच्या एका बैठकीला पाऊण ते एक तास. सगळ्यांना अर्ध्या तासाची एकच चौकट दिली, तर तपासणीच्या रुग्णामागे खुर्ची रिकामी राहते आणि रूट कॅनालच्या रुग्णामागे ओळ लागते. यावर एक चांगला तोडगा आहे, आणि मला तो सशुल्क योजनेपेक्षाही बरा वाटतो: ऑनलाइन पानावर फक्त पहिली तपासणी ठेवावी आणि पुढच्या सर्व बैठकांच्या वेळा रुग्ण खुर्चीवरून उठल्यावर रिसेप्शननेच कॅलेंडरमध्ये भराव्यात. आपल्याला किती वेळ लागणार हे नवीन रुग्णाला ठाऊक नसते. यादी समोर ठेवली की तो ‘फिलिंग’ निवडतो आणि निघते रूट कॅनाल.

दोन सत्रांची वेळ बहुतेक मोफत योजनांत नीट बसते. सकाळी १० ते दीड आणि संध्याकाळी ५ ते ९ असे दोन भाग प्रत्येक वाराला टाकावेत. दोन रुग्णांमध्ये हत्यारे बदलणे आणि खुर्ची पुसणे यासाठी दहा मिनिटांची मोकळी जागा स्वयंचलितपणे सोडता येते का, हे तपासावे. सुट्ट्या मात्र हाताने भराव्या लागतात. परदेशी कंपनीच्या तयार यादीत अनंत चतुर्दशी असेलच असे नाही, आणि पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या आसपास दवाखाना असेल तर त्या दिवशी रुग्ण पोहोचणार कसा? ज्या भागात दुरुस्तीसाठी ठरावीक वारी वीज बंद असते, तिथे तो वारही आधीच अडवून ठेवावा.

जिथे मोफत योजना अपुरी पडते

माझ्या मते मोफत योजना सोडण्याची पहिली खरी वेळ येते ती दुसरा डॉक्टर किंवा दुसरी खुर्ची आल्यावर. लहान शहरांत महिन्यातून दोनदा, समजा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, बाहेरगावाहून ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ) येतात. त्या दिवशी एक खुर्ची त्यांची असते, दुसरी आपली, पण एक्स-रेचे यंत्र आणि मदतनीस दोघांत एकच. मोफत योजनेला डॉक्टर कळतो, खुर्ची कळत नाही. दोन वेगवेगळ्या मोफत खात्यांवर दोन डॉक्टर चालवण्याचा मोह होतो. तसे केल्यास एका खात्याला दुसऱ्याची नोंद दिसण्यासाठी कॅलेंडर एकमेकांशी जोडावी लागतात आणि त्यांतली एक जोडणी तुटली की डायरीतली जुनीच अडचण नव्या रूपात समोर येते. अशा ठिकाणी डॉक्टरबरोबर खोली किंवा खुर्चीही राखून ठेवणारी सशुल्क योजना घ्यावी आणि ‘दर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी’ हा नियम तिच्यात थेट टाकता येतो की प्रत्येक तारीख वेगळी भरावी लागते, हे विकत घेण्यापूर्वी स्वतः करून पाहावे.

किंमत ‘प्रति वापरकर्ता’ असते, तेव्हा वापरकर्ता कोणाला म्हणतात हे विचारून घ्यावे. काही योजनांत ज्याच्या नावाने अपॉइंटमेंट घेतली जाते त्याचेच पैसे लागतात. काहींत केवळ नोंद करणाऱ्या रिसेप्शनिस्टच्या खात्याचेही लागतात. महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या पाहुण्या डॉक्टरसाठी पूर्ण महिन्याची वर्गणी भरायची का, हा प्रश्नही याच वेळी सोडवावा. पैसे वाचवण्यासाठी सर्वांनी एकच पासवर्ड वापरणे टाळावे, कारण मग कोणाची वेळ कोणी रद्द केली हे कधीच कळत नाही.

आठवण: सगळा खर्च इथेच ठरतो

बहुतेक मोफत योजनांत आठवण जाते ती ईमेलने, आणि काहींत तीही नाही. आपल्याकडचा रुग्ण ईमेल पाहत नाही. पाहतो ते व्हॉट्सॲप. ज्येष्ठ रुग्णाची वेळ मुलाने किंवा सुनेने घेतलेली असते आणि ईमेल जातो त्यांच्या कार्यालयीन पत्त्यावर. त्यामुळे ‘रिमाइंडर मोफत’ असे लिहिलेले दिसले, तरी तो कोणत्या मार्गाने जातो हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत शून्य धरावी.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप स्वतः मोफत आहे आणि एक-दोन डॉक्टरांच्या दवाखान्याला ते बरेच पुढे नेते: तयार उत्तरे ठेवता येतात, रुग्णांना लेबले लावता येतात, बंद वेळेत आपोआप उत्तर जाते. मात्र ब्रॉडकास्ट यादीतून (म्हणजे एकदम अनेकांना) पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच रुग्णाकडून नंबर जतन करून घ्यावा, किंवा सरळ एकेकाला संदेश पाठवावा. रोज बारा-पंधरा संदेश असतील तर यात दहा मिनिटे जातात. याहून जास्त असतील आणि ते आपोआप जावेत असे वाटत असेल, तर व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक प्लॅटफॉर्मशी जोडलेले सॉफ्टवेअर लागते. तिथे १ जुलै २०२५ पासून संदेशागणिक आकारणी होते आणि अपॉइंटमेंटची आठवण सहसा युटिलिटी, म्हणजे जाहिरात नसलेल्या कामाच्या सूचना, या प्रकारात मोडते. रुग्णाने आपल्याला संदेश पाठवून चोवीस तास उलटले नसतील, तर त्या अवधीतल्या युटिलिटी संदेशाला शुल्क पडत नाही. व्हॉट्सॲपचे हे शुल्क सॉफ्टवेअरच्या वर्गणीत धरलेले आहे की वेगळे द्यावे लागते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

एसएमएसचा मार्ग स्वस्त वाटतो, पण त्यात दोन अडथळे आहेत. व्यावसायिक एसएमएस पाठवण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर आपली संस्था, पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मजकूर या तिन्हींची नोंदणी करावी लागते. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये एसएमएसची सोय दिसली, तरी या नोंदणीशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. दुसरा अडथळा मराठीचा. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘उद्या सकाळी ११ वा. दंतचिकित्सेची वेळ आहे. यायचे नसल्यास कळवावे.’ एवढ्या संदेशातच ६३ खुणा खर्च होतात. त्यात दवाखान्याचे नाव आणि फोन नंबर घातला की संदेश दोन भागांचा होतो आणि खर्च दुप्पट. तरीही आठवण मराठीतच पाठवावी, असे माझे मत आहे, कारण न वाचलेला स्वस्त संदेश काहीच कामाचा नाही. खर्च काढताना मात्र एका आठवणीमागे दोन एसएमएस धरावेत.

आणखी एक बाब दिसायला लहान आहे, पण पुढे डोकेदुखी होते. आपल्याकडे एका कुटुंबातल्या चार जणांची नोंद एकाच मोबाइल नंबरवर असते. काही सॉफ्टवेअर नंबरावरून रुग्ण ओळखतात, आणि मग आजोबांच्या कवळीची नोंद नातवाच्या नावावर चढते. चाचणीच्या काळात एकाच नंबरावर दोन वेगळी नावे टाकून काय होते ते अवश्य पाहावे.

आगाऊ रक्कम आणि पैशांचे मार्ग

नोंदणी करतानाच थोडी आगाऊ रक्कम घेतली की गैरहजेरी घटते. ही सोय बहुतेक ठिकाणी सशुल्क योजनेतच असते. परंतु परदेशी सॉफ्टवेअर पैसे घेण्यासाठी ज्या गेटवेंवर (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवांवर) अवलंबून असतात, त्यांपैकी पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले, आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवीन खाते केवळ निमंत्रणावर देण्यास सुरुवात केली. म्हणजे ज्या सोयीसाठी वरची योजना घ्यावी, ती सोय इथे चालू होईलच असे नाही. रेझरपेसारख्या भारतीय गेटवेशी जोडणी आहे का आणि रुग्णाला यूपीआयने पैसे भरता येतात का, हे आधी पाहावे. गेटवेचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा धरावा. लांब चालणाऱ्या उपचारांपुरतीच आगाऊ रक्कम हवी असेल, तर व्हॉट्सॲपवर यूपीआयचा क्यूआर पाठवून पैसे आल्यावर हाताने वेळ पक्की करणे हा बिनखर्ची मार्ग पुरेसा आहे.

वर्गणीचा खरा आकडा

सॉफ्टवेअरच्या छापील किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि इथे व्यवसायाप्रमाणे गणित बदलते. सनदी लेखापालाला हा कर आपल्या करातून वळता करता येतो. दवाखान्याची उपचारसेवा जीएसटीतून मुक्त असल्याने डॉक्टरला ते करता येत नाही. त्याच्यासाठी १,००० रुपयांची योजना १,१८० रुपयांचीच असते. सलूनला पूर्वी वजावट मिळत असे, परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या सेवेवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला तो वजावटीविना, त्यामुळे तेही आता डॉक्टरच्याच रांगेत आले आहेत.

किंमत डॉलरमध्ये असेल तर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वाढते, आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून दर महिन्याला आपोआप रक्कम वळती होण्यासाठी आधी मंजुरी नोंदवावी लागते, आणि सगळ्या परदेशी कंपन्यांकडे ती नोंद सुरळीत होतेच असे नाही. हप्ता अडकला की योजना गुपचूप मोफत स्तरावर येते आणि दुसऱ्या खुर्चीच्या अपॉइंटमेंट पानावरून नाहीशा होतात. म्हणून डॉलरमधली योजना घेतलीच, तर पैसे वळते होण्याच्या तारखेची नोंद त्याच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी. वर्षाची वर्गणी एकदम भरल्यास महिन्याचा दर कमी पडतो, हे खरे. तरीही पहिले तीन महिने महिन्याच्याच दराने घ्यावेत.

परगावचे आणि परदेशातले रुग्ण

डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेहून येणारे अनेक जण दातांची कामे इथे उरकून घेतात आणि वेळ तिथूनच ठरवतात. अपॉइंटमेंटचे पान पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेत आकडे दाखवत असेल, तर आपली सकाळी १० ची वेळ हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या तारखेच्या रात्री ११.३० ची दिसते आणि रुग्ण एक दिवस आधी दारात उभा राहतो. प्रत्यक्ष भेटीसाठी वेळ कायम भारतीयच दाखवण्याची सोय शोधून ती चालू करावी. ऑनलाइन सल्ला देणाऱ्यांनी मात्र ती बंद ठेवावी, कारण तिकडची घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासभर सरकतात आणि त्यांची सकाळी ८ ची वेळ उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेपाचला, तर हिवाळ्यात साडेसहाला येते.

माहितीची जबाबदारी

रुग्णाचे नाव, नंबर आणि उपचार ही माहिती सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर गेली, तरी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार जबाबदारी दवाखान्याचीच राहते. मोफत योजना घेताना कंपनी ही माहिती कशासाठी वापरते हे वाचावे, आणि वाचून समजले नाही तर ती योजना घेऊ नये. अर्जात नाव, नंबर आणि ‘कशासाठी यायचे आहे’ एवढेच विचारावे. मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे हे प्रश्न दवाखान्यात समोरासमोर विचारण्याचे आहेत. कॅलेंडर मदतनिसांच्या मोबाइलवरही दिसत असेल, तर नोंदीच्या मथळ्यात पूर्ण नाव आणि उपचार एकत्र लिहू नयेत.

प्रत्यक्ष बदल करताना

चाचणीचा काळ बहुधा चौदा दिवसांचा असतो, आणि तो संपण्याच्या आदल्या रात्री जागे होण्यात अर्थ नाही. पहिल्याच दिवशी पाच-सहा खोट्या रुग्णांच्या नोंदी करून सगळी माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्यावी. त्या फाइलमध्ये मराठी नावे नीट दिसतात की चौकोन आणि प्रश्नचिन्हे येतात, जुन्या भेटी येतात की फक्त पुढच्या, रद्द केलेल्या नोंदी दिसतात की नाही, हे तपासावे. माहिती बाहेर काढण्याची सोय फक्त वरच्या योजनेत असेल, तर ती मोफत योजना स्वीकारू नये, मग बाकीच्या सोयी कितीही चांगल्या असोत.

त्यानंतर दोन आठवडे डायरी आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवावीत. नोंद आधी सॉफ्टवेअरमध्ये आणि मग डायरीत, या क्रमाने. हे काम रिसेप्शनवरच्या व्यक्तीच्या हातून करून घ्यावे, डॉक्टरने स्वतः करू नये, कारण रोज वापरणार ती आहे आणि कुठे अडते हे तिलाच आधी कळेल. दोन आठवड्यांनंतरही तिला दिवसाचे चित्र डायरीतच लवकर दिसत असेल, तर ते सॉफ्टवेअर मोफत असो वा सशुल्क, ते सोडून दुसरे पाहावे. सोडताना आधी फाइल उतरवून घ्यावी, मग अपॉइंटमेंटचे पान बंद करावे, गूगल मॅप्सवरच्या दवाखान्याच्या नोंदीत आणि व्हॉट्सॲपच्या तयार उत्तरांत टाकलेला जुना दुवा काढावा, आणि कार्डावरची मंजुरी बँकेच्या ॲपमधून रद्द करूनच खाते बंद करावे.